प्राथमिक शाळेतील मूल मागे का पडते?

अभ्यासात मागे राहणाऱ्या मुलाला 'ढ' म्हणण्याची रीत आपल्याकडे फार जुनी आहे. एका अक्षरात मुलाचा निकाल लावून टाकणारा याहून सोयीचा शब्द सापडणार नाही. तो उच्चारला की पुढचा शोध थांबतो. मूल मुळातच मंद आहे असे एकदा ठरले, की त्याला फळ्यावरचे दिसते का, बाईंची भाषा कळते का, मागच्या वर्षी ते किती दिवस शाळेत होते, हे प्रश्न विचारण्याची गरज उरत नाही. वस्तुतः प्राथमिक वर्गांत मागे पडणाऱ्यांपैकी खरोखर बौद्धिक अक्षमता असलेली मुले थोडीच असतात. इतरांच्या पिछेहाटीला ओळखता येण्याजोगी कारणे असतात आणि ती वेळीच ध्यानात आली, तर त्यांतील बरीचशी दूरही करता येतात. या कारणांचा हा आढावा.

प्रश्नाचा आवाका

'प्रथम' ही संस्था २००५ पासून 'असर' या नावाने ग्रामीण भारतातील मुलांची पाहणी करीत आली आहे. कार्यकर्ते घरोघरी जाऊन मुलांना दुसरीच्या पातळीचा एक साधा उतारा वाचायला देतात आणि काही गणिते घालतात. पाचवीत शिकणाऱ्यांपैकी हा दुसरीचा उतारा वाचू शकणारी मुले २०१८ मध्ये ५०.५ टक्के होती. करोनाकाळात शाळा बंद राहिल्यानंतर, २०२२ मध्ये, हे प्रमाण ४२.८ टक्क्यांवर घसरले. २०२४ च्या पाहणीत ते ४८.८ टक्क्यांपर्यंत सावरले. साधा भागाकार करू शकणारी पाचवीतील मुले २०२४ मध्ये ३०.७ टक्के होती. याच काळात सहा ते चौदा वयोगटातील ९५ टक्क्यांहून अधिक मुलांची नावे शाळेच्या पटावर आहेत. म्हणजे मूल शाळेत आले, पण शिक्षण त्याच्यापर्यंत पोहोचले नाही. देशातील निम्मी मुले 'ढ' असणे शक्य नाही, एवढे तरी या आकड्यांवरून मान्य करावे लागेल.

मूल मागे पडते ते कसे?

पहिली-दुसरीत मूल वाचायला शिकते आणि तिसरीपासून ते वाचून शिकू लागते. परिसर अभ्यासाचा धडा असो की गणितातील शाब्दिक उदाहरण, वाचता येते हे पाठ्यपुस्तकाने गृहीत धरलेले असते. ज्याचे वाचन कच्चे राहिले, त्याचे नुकसान मग एकट्या भाषा विषयापुरते राहत नाही, सर्वच विषय एकदम अवघड होऊन बसतात. अभ्यासक्रम मात्र कोणासाठी थांबत नाही. शिक्षकाला पुस्तक संपवायचे असते. दरवर्षी यत्ता एकने वाढते, मूल होते तेथेच राहते आणि चौथी-पाचवीपर्यंत हे अंतर दोन-तीन वर्षांचे होते. त्यानंतर वर्गात बसणे म्हणजे न कळणारे तासन्‌तास ऐकत राहणे होय. पुढे शाळा सोडणाऱ्या मुलांपैकी अनेकांची गळती मनाने याच टप्प्यावर सुरू झालेली असते.

याचे खापर अनेकदा नापास न करण्याच्या धोरणावर फोडले जाते. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्यात आठवीपर्यंत मुलाला त्याच वर्गात न ठेवण्याची तरतूद होती. २०१९ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि त्यानुसार महाराष्ट्राने पाचवी व आठवीसाठी वार्षिक परीक्षा पुन्हा सुरू केल्या. परीक्षा हवी की नको, हा वाद स्वतंत्र आहे. पण दुसरीत कच्चे राहिलेले वाचन पाचवीच्या परीक्षेत उघड झाले, तर तोवर तीन वर्षे वाया गेलेली असतात. आणि नापास केल्याने आजार कळला तरी औषध मिळत नाही.

पोट, डोळे आणि कान

शिकण्याची पहिली अट शरीराची आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने कमी होती आणि सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या ६८.९ टक्के मुलांच्या रक्तात लोहयुक्त घटकाची कमतरता म्हणजे रक्तक्षय होता. हीच मुले नंतर पहिलीत येतात. रक्तक्षयाने मूल लवकर थकते, त्याचे लक्ष टिकत नाही. शिक्षकाला तो आळस वाटतो. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २००१ मध्ये शाळांतून शिजवलेले अन्न देण्याचा आदेश दिला आणि शाळेतली खिचडी घरोघरी परिचित झाली. तरीही सकाळी उपाशी आलेल्या मुलाचे पहिले दोन-तीन तास, म्हणजे बहुधा भाषा आणि गणिताचे तास, भुकेतच जातात.

दृष्टिदोषाचेही तसेच आहे. जन्मापासून अंधुक पाहणाऱ्या मुलाला इतरांना स्पष्ट दिसते याची कल्पनाच नसते, म्हणून ते तक्रार करीत नाही. फळ्यावरून उतरवताना शब्द गाळणारे, शेजाऱ्याच्या वहीत डोकावणारे मूल चुकार नसून त्याला चष्म्याची गरज असू शकते. वारंवार कान फुटणाऱ्या मुलाला काही ध्वनी नीट ऐकू येत नाहीत आणि त्याचे शुद्धलेखन बिघडते. केनियातील शाळांत मुलांना जंतांचे औषध दिल्यावर गैरहजेरी सुमारे एक चतुर्थांशाने घटल्याचे अर्थशास्त्रज्ञ मायकेल क्रेमर आणि एडवर्ड मिगेल यांनी दाखवून दिले होते. कधी कधी शिक्षणाचा अडसर एका गोळीने दूर होण्याइतका साधा असतो.

घरची भाषा आणि पुस्तकाची भाषा

मेळघाटातील कोरकू मूल, गडचिरोलीतील गोंड मूल, नंदुरबारच्या सातपुड्यातील भिल्ल किंवा पावरा मूल पहिलीत येते, तेव्हा पाठ्यपुस्तकातील मराठी त्याला जवळजवळ परकी असते. कोरकू आणि गोंडी तर मराठीच्या भाषाकुळातल्याही नाहीत. अक्षरओळख करून घेतानाच त्या मुलाला एक नवी भाषा शिकावी लागते. ते गप्प बसते आणि त्याच्या गप्प बसण्याला मठ्ठपणा म्हटले जाते. अहिराणी किंवा वऱ्हाडी बोलणाऱ्या मुलाचे अंतर एवढे नसले, तरी 'अशुद्ध बोलू नकोस' हे वाक्य त्याच्याही वाट्याला येते.

शहरात हीच अडचण वेगळ्या रूपाने दिसते. ज्या घरात इंग्रजी बोलली जात नाही, तेथील मूल इंग्रजी माध्यमात घातले जाते. वाक्ये पाठ होतात, अर्थ लागत नाही. तिसरी-चौथीपर्यंत गुण चांगले दिसतात, कारण प्रश्न आणि उत्तरे दोन्ही ठरलेली असतात. स्वतःच्या शब्दांत लिहिण्याची वेळ आली, की उणीव उघडी पडते. पालकांना वाटते, मूल अचानक बिघडले.

गणितातही भाषा आडवी येते. मराठीत 'सत्तावीस' म्हणताना आधी सात येतात, मग वीस. लिहिताना मात्र आधी दोन आणि मग सात. ऐकलेल्या क्रमाने लिहिणारे मूल ७२ लिहिते. 'एकोणतीस' मध्ये तर तिसातून एक वजा करायचा असतो. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस सात' अशी संख्यावाचनाची पद्धत आणली, तेव्हा त्यावर विधिमंडळापर्यंत वादंग झाला. गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांनी मुलांची अडचण समजावून सांगण्याचा प्रयत्न केला होता. ती पद्धत पटो वा न पटो, ७२ लिहिणारे मूल विचार करते आहे, हे त्या वादातून लक्षात घेण्यासारखे होते.

अर्ध्या वर्षाची शाळा

बीड, जालना, अहिल्यानगर आदी जिल्ह्यांतील ऊसतोड कामगार दिवाळीच्या सुमारास घर सोडतात आणि हंगाम संपल्यावर, मार्च-एप्रिलमध्ये परततात. शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होते. आई-वडिलांबरोबर फडावर गेलेल्या मुलाचे दुसरे सत्र जवळजवळ पूर्ण बुडते. वीटभट्ट्यांवर जाणाऱ्या कुटुंबांची हीच कथा आहे. यासाठी साखरशाळा निघाल्या, गावातच मुलांना ठेवण्यासाठी हंगामी वसतिगृहे सुरू झाली. त्यांचा उपयोग झाला, पण लहान भावंडांना सांभाळणारी मोठी मुलगी बहुधा आईबरोबरच जाते. दर वर्षी निम्मे वर्ष गमावणाऱ्या मुलाकडून वर्गाच्या बरोबरीने चालण्याची अपेक्षा करणे व्यर्थ आहे. शेतीच्या हंगामात घरी राहणारी, आठवडी बाजाराच्या दिवशी न येणारी मुलेही याच वाटेवर असतात.

शाळेकडील कारणे

सगळा दोष घराकडे ढकलणेही बरोबर नाही. लहान गावांत दोन शिक्षक आणि चार-पाच यत्ता ही नेहमीची गोष्ट आहे. एका वर्गाला शिकवताना दुसरा वर्ग बसवून ठेवावा लागतो. शिक्षण हक्क कायद्याने जनगणना, निवडणूक आणि आपत्ती निवारण एवढी कामे वगळता शिक्षकांना अशैक्षणिक कामे देण्यास मनाई केली आहे. तरी माहिती भरणे, सर्वेक्षणे आणि तऱ्हेतऱ्हेचे अहवाल यांत बराच वेळ जातो, ही शिक्षकांची तक्रार कायम आहे.

शिकवण्याची पद्धत हेही कारण आहे. पाढे, कविता, प्रश्नोत्तरे यांच्या सामूहिक घोषात प्रत्येक मुलाचा आवाज मिसळतो आणि कोणाला येत नाही हे झाकले जाते. सरासरी विद्यार्थ्याला, किंबहुना पहिल्या दोन बाकांना समोर ठेवून शिकवले, तर मागचे मागेच राहतात. केनियातच क्रेमर यांच्या सहकाऱ्यांनी जादा पाठ्यपुस्तके वाटून पाहिली. लाभ झाला तो आधीच हुशार असलेल्यांना. इतरांना ती पुस्तके वाचताच येत नव्हती.

अध्ययन अक्षमता

बुद्धी सामान्य किंवा तल्लख, तोंडी उत्तरे उत्तम, पण वाचन-लेखनात सतत चुका, असे मूल डिसलेक्सियासारख्या अध्ययन अक्षमतेचे असू शकते. शालेय वयाच्या मुलांत हे प्रमाण साधारण ५ ते १५ टक्के मानले जाते. 'भ' आणि 'म', 'घ' आणि 'ध' यांची गल्लत, काना-मात्रा गाळणे, ओळ चुकणे ही लक्षणे पहिलीत सर्वच मुलांत दिसतात. नियमित शिकवूनही ती तिसरीपर्यंत टिकली, तर तपासणी करून घ्यावी. मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात यासाठी स्वतंत्र केंद्र आहे. 'तारे जमीन पर' हा चित्रपट २००७ मध्ये आल्यानंतर हा विषय घरोघरी बोलला गेला आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने या अक्षमतेला मान्यता दिली. प्रमाणपत्राने परीक्षेत सवलत मिळते; वाचन सुधारते ते मात्र विशेष पद्धतीच्या सरावाने.

अपमानाचा परिणाम

कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातील सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरील चक्रव्यूहाची कोडी सोडवायला दिली होती. मुलांची जात जाहीर केली नव्हती, तेव्हा उच्च आणि कनिष्ठ मानल्या गेलेल्या जातींच्या मुलांच्या कामगिरीत फरक नव्हता. सर्वांसमोर जात पुकारल्यावर कनिष्ठ मानल्या गेलेल्या मुलांची कामगिरी घसरली. मुले तीच, कोडी तीच. बदलले होते ते आजूबाजूच्यांच्या नजरेचे भान. 'तुला काही येणार नाही' हे वाक्य वर्गात रोज ऐकणाऱ्या मुलाचे काय होत असेल, याची कल्पना यावरून करता येते.

उपाय काय?

मुंबई आणि वडोदरा येथे २००० नंतरच्या वर्षांत 'प्रथम' ने बालसखी हा उपक्रम राबवला. वर्गात मागे पडलेल्या मुलांना स्थानिक तरुणी दिवसाचे काही तास वेगळे बसवून पायाभूत वाचन-गणित शिकवीत. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे मोजमाप केले, तेव्हा मुलांच्या गुणांत स्पष्ट वाढ दिसली. या दोघांना क्रेमर यांच्यासह २०१९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटमधील जिल्हा परिषद शाळांनी ज्ञानरचनावादी पद्धतीने प्रत्येक मूल शिकू शकते हे दाखवले आणि २०१५ च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रमाला त्यातून प्रेरणा मिळाली. त्याही फार आधी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या परिसरात गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी थेट कुरणात शाळा नेली होती. या सर्वांत एक सूत्र समान आहे. मूल जेथे आहे तेथून शिकवायला सुरुवात करायची.

पालकांना आणि शिक्षकांना यातून काही साध्या गोष्टी करता येतील. मूल मागे पडते आहे असे वाटले, तर शिकवणी लावण्यापूर्वी डोळे, कान आणि रक्त तपासून घ्यावे. न वाचलेला एखादा परिच्छेद मोठ्याने वाचायला सांगून अर्थ विचारावा. ज्या पातळीला ते अडखळते, तेथूनच, मग ती पहिलीची का असेना, रोज अर्धा तास सराव द्यावा. भावंडांशी तुलना टाळावी. आणि हे सर्व तिसरीच्या आत व्हावे.

राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकांना दंडही ठेवला. मूल शाळेत यावे, हा त्या काळचा लढा होता आणि तो बव्हंशी जिंकला गेला आहे. आलेले मूल रित्या हाताने परत जाऊ नये, ही जबाबदारी आता शाळेची, शासनाची आणि आपल्या सर्वांची आहे.