धोका आधी सांगण्याचा हक्क

सप्टेंबर १८८४. मुंबईच्या गिरणी कामगारांच्या वतीने नारायण मेघाजी लोखंडे यांनी मांडलेल्या मागण्यांत रविवारची सुट्टी होती, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती होती आणि कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार मिळावा, हेही होते. साडेपाच हजार कामगारांनी त्याखाली सह्या केल्या. कामावरच्या सुरक्षिततेची आपल्याकडची मुळे मला इथे दिसतात. मात्र मागणी अपघातानंतरची होती. १९२३ चा नुकसानभरपाई कायदाही तसाच. १९४८ च्या कारखाना कायद्याने यंत्रांभोवती कुंपण घालायला लावले. धोका दिसलेल्या कामगाराचे ऐकलेच पाहिजे, असे त्यात नव्हते.

या उणिवेची किंमत पुढे भोपाळने मोजली. तिथे युनियन कार्बाइड कंपनीने १९८० साली मिथाइल आयसोसायनेट हे विषारी रसायन, कामगारांच्या बोलीत ‘मिक’, तयार करायला सुरुवात केली. त्याच वर्षी इस्रायलचे संशोधक डोव्ह झोहर यांचा ‘सुरक्षा वातावरणा’वरचा शोधनिबंध आला. साहेबांना सुरक्षितता खरोखर महत्त्वाची वाटते का, हे त्यांनी कामगारांनाच विचारले.

भोपाळच्या कामगारांनी न विचारताच सांगितले होते. डिसेंबर १९८१ मध्ये फॉस्जीन या विषारी वायूने एका सहकाऱ्याचा जीव घेतला. पुढच्या वर्षी युनियनने आसपासच्या वस्त्यांत पोस्टर लावली, ‘रपट’ साप्ताहिकातून पत्रकार राजकुमार केसवानींनी शहराला सावध केले, अमेरिकेहून आलेल्या कंपनीच्याच तपासनिसांनी दोष दाखवले. त्यानंतर व्यवस्थापनाने काय केले? मिक विभागातली माणसे निम्म्यावर आणली आणि टाक्या थंड ठेवणारी यंत्रणा १९८४ मध्ये बंद केली.

२ डिसेंबर १९८४. रात्री साडेअकराच्या सुमारास ऑपरेटरांचे डोळे चुरचुरू लागले. गळती ओळखायचे त्यांचे रोजचे साधन म्हणजे डोळेच. त्यांनी वरिष्ठांना सांगितले; चहा झाल्यावर बघू, असे ठरले. याचा दोष एकट्या सुपरवायझरच्या माथी मारणे मला अन्यायाचे वाटते. गळती नेहमीचीच आणि तिचा जाब कुणालाच नाही, अशा ठिकाणी माणसे असेच वागायला शिकतात. मध्यरात्रीनंतर ६१० क्रमांकाच्या टाकीतून सुमारे ४० टन विषारी वायू झोपलेल्या शहरावर पसरला. हजारो माणसे गेली.

१९८७ मध्ये कारखाना कायद्यात नवे प्रकरण आले. धोकादायक प्रक्रियांच्या कारखान्यांत कामगारांसह सुरक्षा समिती बंधनकारक झाली. कलम ४१-एचने कामगाराला जिवाचा धोका व्यवस्थापनाला आणि त्याच वेळी निरीक्षकालाही कळवण्याचा हक्क दिला. व्यवस्थापनाला तो धोका पटला नाही, तरी प्रकरण निरीक्षकाकडे तातडीने पाठवावेच लागे आणि निर्णय निरीक्षकाचा असे. या तरतुदीची खरी ताकद त्या ‘पटला नाही तरी’मध्ये होती.

कारखाना कायद्याच्या जागी नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या सुरक्षा संहितेने हा हक्क तिच्या कक्षेतल्या सर्व आस्थापनांतल्या कर्मचाऱ्यांना दिला, हे चांगलेच झाले. पण सुरक्षा समिती आता सरकारने आदेश काढला तरच बंधनकारक. हे मला मुळीच मान्य नाही. कंत्राटावरचा, उद्या कामावर ठेवतील की नाही याची खात्री नसलेला मजूर साहेबासमोर एकट्याने उभा राहून धोका सांगेल, अशी अपेक्षा धरायची तर त्याच्या मागे समिती हवीच.