हुजूर दफ्तराची एकबेरीज

श्रोतेहो, मुळा-मुठेच्या काठचे खराडी आज पाहाल, तर शेतांच्या जागी काचेच्या उंच इमारती दिसतील. तेथल्या कचेऱ्यांत कामाचे आकडे संगणकाच्या पडद्यावर येतात आणि कोणती अडचण आधी हाती घ्यायची, हे व्यवस्थापक त्यांवरून ठरवतो. हे सारे परदेशातून आले, असे पुष्कळांना वाटते. पण तेथून तीनेक कोसांवर, पुणे शहरात, पेशव्यांचे हुजूर दफ्तर हेच काम बोरूने करीत होते.

मामलेदार नेमणुकीवर निघाला की वसुलाचा अंदाज लिहिलेला बेहेडा त्याला हुजुरातून मिळे. शिवाय त्याच्या कचेरीत दिवाण, मुजुमदार, फडणीस, दफ्तरदार असे दरकदार असत. त्यांना काढून टाकण्याचा अधिकार मामलेदाराला नव्हता. फडणीस रोजकीर्द लिही. दफ्तरदार तीवरून खतावणी करून दरमहा गोषवारा पाठवी. काम करणारा एक, मोजणारा दुसरा, हे यातले मर्म बरं का!

पुण्यास दोनशेहून अधिक कारकून होते. तेथले एकबेरीज दफ्तर साऱ्या खात्यांचे हिशेब एकत्र करून तर्जुमा तयार करी. त्यात वर्षाची जमा, खर्च आणि बाकी एका दृष्टीत दिसे. गावोगावची वही कारभाऱ्याने कशी वाचावी? तर्जुमा हाती असला म्हणजे मोठी तूट कुठे आहे ते कळते आणि चौकशी तेथून सुरू करता येते. दहा रुपयांच्या चुकीमागे लागून दहा हजारांची तूट नजरेआड होत नाही.

ही व्यवस्था निर्दोष मात्र नव्हती. एल्फिन्स्टनने 1819 च्या अहवालात मामलेदारांच्या युक्त्या नोंदवल्या आहेत: जमा लपवणे, खोटी सूट दाखवणे, हजेरीत खोटी माणसे भरणे. ‘दरबारखर्च’ या नावाखाली हिशेब तपासणाऱ्यांनाही वाटा पोचे. तपासणाराच वाटेकरी झाला, मग वही कितीही सुबक असली तरी काय उपयोग?

1796 मध्ये दुसरा बाजीराव गादीवर आला. 1800 मध्ये नाना फडणीस वारले. पुढे मामलती जास्त बोली करणाऱ्याला मक्त्याने मिळू लागल्या. मक्त्याची रक्कम आली की सरकारचे काम संपले! मक्तेदाराने पोटमक्ते दिले आणि सारा भार शेवटी कुणब्याच्या पाठीवर पडला. तो दिसायचा कुणाला? हुजूर दफ्तराकडे दुर्लक्ष झाले होते, कारकून जवळजवळ नाहीसे झाले होते, कागदही लोक घरी नेत होते. 1818 मध्ये राज्य गेले. त्याची कारणे अनेक आहेत. पण रयतेचे हाल कळण्याची वाट त्याआधीच बुजली होती.

शिक्षकबंधूंनो, आपल्या हजेरीपटाचीही महिनाअखेर बेरीज होते. ती जुळली म्हणून आपण पट मिटतो. पण त्यात एखादे नाव सलग पंधरा दिवस गैरहजर दिसले, तर त्या मुलाच्या घरी त्याच संध्याकाळी कुणी जाऊन आले पाहिजे. बेरीज करायची ती यासाठीच.