आंबू शकतो, पण आंबलेला नाही
युरोपच्या फळरस-नियमांची पन्नास वर्षांची वाटचाल

जर्मनीतल्या सुपरमार्केटात रसांच्या फळीपुढे उभे राहा. तीन खोकी शेजारी शेजारी दिसतील. तिन्हींवर तेच कापलेले संत्रे, तोच ओघळणारा थेंब, तेच हिरवे पान. खालचे शब्द मात्र वेगळे: एकावर ‘झाफ्ट’, दुसऱ्यावर ‘नेक्टार’, तिसऱ्यावर ‘फ्रुख्टझाफ्टगेट्रेंक’. पहिल्यात शंभर टक्के रस. दुसऱ्यात संत्र्याचा रस निदान ५० टक्के, बाकी पाणी आणि बहुधा साखर. तिसऱ्यात संत्रे ६ टक्के असले तरी भागते. चित्र मात्र तिघांचे सारखेच रसरशीत.

यांतल्या पहिल्या दोन शब्दांवर युरोपच्या कायद्याचा पहारा आहे. तिसरा शब्द जर्मनीच्या स्वतःच्या मार्गदर्शक संकेतांवर चालतो. संस्थेच्या स्मरणिकेत ‘वाटचाल’ लिहायची म्हणजे आधी संस्थापकांचा फोटो, मग इमारत निधी, मग आजी-माजी कार्याध्यक्ष. या कायद्याकडे यातले काहीच नाही. त्याची सगळी मालमत्ता म्हणजे एक व्याख्या. ती सांभाळता सांभाळता त्याने साखरेबद्दलचे आपले मत मात्र दोनदा बदलले.

स्थापना : १९७५

१७ नोव्हेंबर १९७५ रोजी तेव्हाच्या युरोपीय आर्थिक समुदायाच्या मंत्रिपरिषदेने ७५/७२६ क्रमांकाचा निर्देश मंजूर केला. ब्रिटन, आयर्लंड आणि डेन्मार्क नुकतेच आत आले होते आणि सदस्य नऊ झाले होते. रस कशाला म्हणायचे, याचे प्रत्येक देशाचे नियम निराळे. त्यामुळे एका देशात बिनबोभाट विकली जाणारी बाटली दुसऱ्याच्या सीमेवर अडे. तेव्हाची मूळ तक्रार ग्राहकाच्या तब्येतीची नव्हती, अडलेल्या मालाची होती.

‘निर्देश’ हा प्रकारही समजून घ्यायला हवा. ब्रुसेल्सने उद्दिष्ट आणि मुदत ठरवायची, आणि प्रत्येक देशाने त्याप्रमाणे आपल्या घरचा कायदा करायचा. त्यामुळे पोशाख नऊ, अंग एकच.

त्या अंगाचा कणा म्हणजे रसाची व्याख्या. फळापासून काढलेला, त्या फळाचा रंग, वास आणि चव असलेला, आंबू शकणारा पण न आंबलेला. शेवटचे दोन शब्द मोठे हुशारीचे आहेत. आंबू शकतो, म्हणजे फळाची साखर त्यात जिवंत आहे. आंबलेला नाही, म्हणजे तो वाइन किंवा सायडरच्या घरात गेलेला नाही. पुढे कलमे बदलली, परिशिष्टे वाढली, पण हे दोन शब्द कोणी हलवले नाहीत.

साखर घालायला मात्र १९७५ मध्ये परवानगी होती. आंबटपणा सावरण्यासाठी थोडी, गोडीसाठी अधिक, मर्यादा ठरवून. त्या काळी त्यात कोणाला काही वावगे वाटले नाही.

बंद पडता पडता

१९७९ मध्ये युरोपच्या न्यायालयाने एक निकाल दिला आणि अशा कायद्यांच्या अस्तित्वावरच प्रश्न उभा राहिला. प्रकरण होते ‘कासी द दीजों’ या काळ्या करंट फळाच्या फ्रेंच मद्याचे. त्यात अल्कोहोल २५ टक्क्यांहून कमी म्हणून जर्मनीने ते अडवले होते. न्यायालय म्हणाले, एका सदस्य देशात रीतसर बनलेला आणि विकला जाणारा माल सबळ कारणाशिवाय दुसऱ्याने अडवू नये. मग प्रत्येक पदार्थाची पाककृती ब्रुसेल्समध्ये लिहीत बसायची कशाला? १९८५ मध्ये युरोपीय कमिशननेही जाहीर केले की असे ‘रेसिपी कायदे’ यापुढे शक्यतो नकोत.

रसाचा कायदा तरी टिकला. आधीच्या दुरुस्त्या एकत्र करून १९९३ मध्ये त्याची ९३/७७ ही नवी प्रत निघाली. त्याच्या आदल्या वर्षी एडिनबरोच्या शिखर बैठकीत सरकारप्रमुखांनी जुने कायदे सुटसुटीत करा, असा आग्रह धरला होता. त्या कामाला पुढची नऊ वर्षे लागली. अखेर २० डिसेंबर २००१ रोजी मध, साखर, जॅम, दुधाची भुकटी आणि रस यांचे निर्देश एकदमच मंजूर झाले. कॉफी आणि चॉकलेटचे त्याआधीच झाले होते. या सगळ्या कुटुंबाला ‘न्याहारीचे निर्देश’ हे लाडके नाव पडले. रसाचा क्रमांक २००१/११२.

सांद्र रसाची बोट

२००१ च्या निर्देशाने एका व्यापारी वास्तवाला लेबलवर आणले. युरोप संत्र्याचा रस पितो, त्यातला बराचसा ब्राझीलहून येतो. तिथे रस काढल्यावर त्यातले पाणी उडवतात, ६६ ब्रिक्सच्या आसपास दाट करतात आणि गोठवून सांतोस बंदरातून टाक्यांच्या बोटींनी रॉटरडॅम किंवा गेंटला पाठवतात. तिथे पुन्हा पाणी मिसळले की एका लिटरचे सातेक लिटर होतात. समुद्रातून पाणी वाहून नेण्याचे भाडे वाचते.

ब्रिक्स हा शब्द नाशिकच्या द्राक्ष बागायतदाराला नवा नाही. युरोपला माल पाठवायचा तर तोही घडातला मणी दाबून रिफ्रॅक्टोमीटरवर रसाचा थेंब टाकतो आणि आकडा वाचतो. शंभर ग्रॅम द्रवात एक ग्रॅम साखर म्हणजे एक अंश. हे एकोणिसाव्या शतकातल्या अडोल्फ ब्रिक्स या जर्मन शास्त्रज्ञाचे आडनाव.

निर्देशाने सांगितले की असा रस विकताना नावाजवळ, ठळक आणि सहज दिसेल असे, ‘सांद्र रसापासून’ हे लिहायलाच हवे. पाणी किती घालायचे, याची मोकळीक राहिली असती तर सातचे नऊ लिटर करणे अवघड नव्हते. म्हणून २००९ मध्ये किमान ब्रिक्सचा तक्ता आला. संत्रे आणि सफरचंद ११.२, द्राक्ष १५.९, लिंबू ८, पेरू ८.५ आणि आंबा १३.५. या आकड्याच्या खाली गेलेला पुनर्रचित रस म्हणजे पाणचट रस, असे कायदा म्हणू लागला.

परिशिष्टातले रामफळ

मराठी वाचकाने या निर्देशातला एक तक्ता आवर्जून पाहावा. नेक्टारमध्ये प्रत्येक फळाचा रस किंवा गर किमान किती हवा, हे त्यात दिले आहे. सफरचंद, नाशपाती, अननस, संत्रे ५० टक्के. काळे करंट आणि लिंबू २५, कारण ती निव्वळ पिणे अशक्य. मग एक गट येतो गरदार, कमी आंबट फळांचा. त्यात आंबा, केळे, पेरू, पपई, लिची, डाळिंब आहेतच, पण सीताफळ आहे, रामफळ आहे आणि काजूची बोंडेही आहेत. सगळ्यांना किमान २५ टक्के. वेंगुर्ल्याच्या बागेत सडून जाणारे बोंड ब्रुसेल्सच्या परिशिष्टात हक्काने बसलेले पाहून कोकणी माणसाला गंमत वाटेल.

स्थानिक नावांचेही एक परिशिष्ट आहे. फक्त गरापासून केलेल्या नेक्टारला इटालियनांनी ‘सुक्को ए पोल्पा’ म्हणावे, स्पॅनिशांनी द्राक्षरसाला ‘मोस्तो’. लाटव्हिया, एस्टोनिया आणि पोलंड यांना सी-बकथॉर्नच्या रसात लिटरमागे १४० ग्रॅमपर्यंत साखर घालण्याची खास मुभा. आपल्या लडाखमध्येही उगवणारे, करवंदाहून लहान असे हे फळ ज्याने चाखले असेल, तो या सवलतीवर आक्षेप घेणार नाही.

साखरेचा गुप्त पोलीस

२००१ मध्येही साखरेला जागा होती. द्राक्ष आणि नाशपाती सोडून इतर रसांत आंबटपणा सावरायला लिटरमागे १५ ग्रॅम, गोडीसाठी घातली तर एकूण १५० ग्रॅमपर्यंत. मात्र एकाच रसात साखर आणि आंबट घालणारा पदार्थ दोन्ही नकोत. गोडीसाठी घातलेली साखर लेबलवर सांगायची होती. न सांगता कोणी घातली तर ओळखायची कशी?

इथे प्रयोगशाळा पुढे येते. ऊस आणि मका हवेतला कार्बन संत्र्यापेक्षा निराळ्या रासायनिक मार्गाने पकडतात. म्हणून त्यांच्या साखरेत कार्बन-१३ या जड कार्बनचे प्रमाण वेगळे पडते आणि उसाची साखर पकडली जाते. बीट मात्र संत्र्याच्याच मार्गाने जाते, म्हणून बीटची साखर या चाळणीतून सुटे. फ्रान्समधल्या नांत इथे झेरार मार्तें आणि मरीव्होन मार्तें यांनी १९८० च्या दशकात हायड्रोजनच्या जड अणूंची, म्हणजे ड्युटेरियमची, जागा मोजणारी पद्धत उभी केली. ती मुळात वाइनमध्ये घातलेली साखर पकडण्यासाठी होती. रसालाही ती लागू पडली आणि बीटलाही लपायला जागा राहिली नाही.

उद्योगानेही आपले चौकीदार नेमले. जर्मनीत १९७४ पासून रस उद्योगाची स्वयंनियंत्रण संस्था काम करते. युरोपीय रस-उत्पादकांची १९५८ ची ‘एआयजेएन’ ही संघटना प्रत्येक फळाच्या रसात आम्ले, खनिजे, साखरा किती असाव्यात, याची संदर्भमूल्ये प्रसिद्ध करते. कायदा रस म्हणजे काय ते सांगतो. तो रस खरा आहे का, हे हे आकडे सांगतात.

साखरेला दार बंद

२०१२ मध्ये मोठी वळणे आली. लिस्बन करारानंतर रसाच्या निर्देशात प्रथमच युरोपीय संसदेने मंत्रिपरिषदेबरोबर बरोबरीने हात घातला. संसदेत हा विषय स्पेनचे आंद्रेस पेरेल्यो रोद्रिगेझ यांच्याकडे होता. १९ एप्रिल २०१२ च्या २०१२/१२ या निर्देशाने रसात साखर घालायला बंदी केली. साखर आता फक्त नेक्टारमध्ये, एकूण वजनाच्या २० टक्क्यांपर्यंत. याच निर्देशाने टोमॅटोला फळांच्या यादीत बसवले, निदान रसापुरते.

आणखी एक ठिणगी संत्र्यावरून उडाली. अमेरिका आणि ब्राझीलमध्ये संत्र्याच्या रसात थोडा मँडरीनचा रस मिसळून तो संत्र्याचाच म्हणून विकण्याची सवय होती. युरोपने सांगितले, मँडरीन असेल तर नावात मँडरीन हवे. कोकणात पेटीभर देवगडमध्ये दोन डझन रायवळ मिसळणाऱ्याला हे तत्त्व समजावून सांगावे लागत नाही.

देशांनी आपले कायदे २८ ऑक्टोबर २०१३ पर्यंत बदलायचे होते आणि जुना माल २८ एप्रिल २०१५ पर्यंत खपवायचा होता. ग्राहकाला नवी गोष्ट कळावी म्हणून ‘२८ एप्रिल २०१५ पासून कोणत्याही फळरसात साखर घातलेली नाही’ असे लेबलवर लिहायची सवलत होती, तीही २८ ऑक्टोबर २०१६ पर्यंतच.

त्यानंतर एक विचित्र परिस्थिती उभी राहिली. सगळ्याच रसांत साखर नाही, म्हणून ‘आमच्यात साखर नाही’ असे वेगळे मिरवणे रसाला बंद झाले. कृत्रिम गोडी घातलेल्या नेक्टारला मात्र ‘साखर घातलेली नाही’ असे लिहिता येई. म्हणजे फळीवर निर्मळ रस गप्प आणि पाणी घातलेला शेजारी बोलका.

साखर काढा

दरम्यान हवा बदलली होती. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने रोजच्या उष्मांकातला ‘मुक्त साखरे’चा वाटा १० टक्क्यांखाली ठेवा असे सांगितले आणि रसातल्या नैसर्गिक साखरेलाही त्यातच मोजले. दोनशे मिलिलिटर संत्र्याच्या रसात साधारण सोळा ते अठरा ग्रॅम साखर, म्हणजे चार चमचे. कोणी घातली नाही, तरी ती आहे.

१४ मे २०२४ च्या २०२४/१४३८ या निर्देशाने दोन्ही प्रश्नांना हात घातला. रसावर ‘फळांच्या रसात फक्त नैसर्गिक साखर असते’ असे लिहायला मुभा मिळाली. शिवाय ‘कमी साखरेचा फळरस’ हा नवाच वर्ग निघाला. त्यात नैसर्गिक साखर निदान ३० टक्क्यांनी कमी हवी. मग ती सूक्ष्म पडद्यातून गाळून काढा किंवा यीस्टला खाऊ घाला, रसाचे बाकीचे गुण शाबूत राहिले पाहिजेत. गोड लागावे म्हणून दुसरे काही घालायचे नाही. हे नियम १४ जून २०२६ पासून लागू.

१९७५ मध्ये साखर घाला, २०१२ मध्ये घालू नका, २०२४ मध्ये आहे ती काढा. आणि जी व्याख्या ‘न आंबलेला’ म्हणते, तिच्याच घरात आंबवणारे यीस्ट आता पगारी नोकर म्हणून आले.

पुढचे पान

भारतातही त्याच सुमारास हाच शब्द ऐरणीवर होता. जून २०२४ मध्ये ‘एफएसएसएआय’ या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने सांद्र रसापासून पुन्हा बनवलेल्या रसांवरचा ‘१०० टक्के फळांचा रस’ हा दावा काढून टाकायला सांगितले आणि छापून ठेवलेली खोकी १ सप्टेंबर २०२४ च्या आत संपवायला सांगितली.

युरोपच्या २०२४ च्या निर्देशाने मधाच्या बरणीवर तो कोणकोणत्या देशांतून आला, हे प्रमाणासह लिहिणे बंधनकारक केले. रसाबाबत मात्र कमिशनने जून २०२७ पर्यंत अहवाल द्यायचा आहे. फळ कुठून आले, हे खोक्यावर सांगता येईल का आणि कसे, याचा.

आपला या प्रकरणाशी खरा संबंध इथे येतो. रत्नागिरीचा हापूस निर्जंतुक पिशवीत, पत्र्याच्या ड्रममधून, सोळा ब्रिक्सचा पल्प म्हणून युरोपला जातो. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. ड्रमवर रत्नागिरी असते. खोक्यावर येईपर्यंत कायद्याला पुरते ते एवढेच: आंबा, किमान २५ टक्के.