मैदानावरची प्रेमकथा

१९८३ सालीं भारतानें क्रिकेटचा विश्वचषक जिंकला आणि घरोघर क्रिकेटचाच बोलबाला झाला. पुढच्याच वर्षीं ‘हिप हिप हुर्रे’ हा बेताच्या खर्चाचा हिंदी बोलपट फुटबॉलची कथा घेऊन आला. त्याचे एक निर्माते मनमोहन शेट्टी. मुंबईच्या उपनगरांत, गोरेगांवच्या चित्रनगरींत, त्यांची ‘अ‍ॅडलॅब्ज’ ही फिल्म धुण्याची प्रयोगशाळा नांवारूपास आली. श्री. दा. पानवलकरांच्या मराठी कथेवरील ‘अर्धसत्य’ त्यांनींच आदल्या वर्षीं काढला होता.

‘हिप हिप हुर्रे’ हा दिग्दर्शक प्रकाश झा यांचा पहिला कथापट, लेखन गुलजारांचें. नोकरीच्या प्रतीक्षेंत असलेला एक तरुण अभियंता (राज किरण) रांचीच्या शाळेंत तात्पुरता क्रीडाशिक्षक होतो. तेथील शिक्षिकेविषयीं (दीप्ती नवल) त्याच्या मनांत अनुराग उपजतो. पण एका उद्दाम विद्यार्थ्याचाहि तिच्यावर जीव जडलेला असतो. अशा मुलाला दूर लोटणें सोपें, त्याचा विश्वास मिळविणें कठीण. शिक्षक कठीण तेंच पत्करतो. चेंडू एकट्यानें पुढें नेतां येत नाहीं, तो सोबत्याच्या पायीं सोपवावा लागतो. मैदानावरचा हा साधा नियम मत्सरालाहि लागू पडतो, हें या लहानशा बोलपटानें दाखविलें.