ड्रोन उडवायचाय? आधी नियम समजून घ्या, मगच बटण दाबा

आलापल्ली : लग्नसराईत आता बँडवाल्याच्या आधी ड्रोनवाला ठरतो. शूटिंगवाल्यांकडे तर ड्रोन आहेच, पण हौसेनं घेणारे पोट्टेही गावोगाव दिसू लागलेत. मागच्या उन्हाळ्यात माझ्या भाच्यानंही एक लहान ड्रोन आणला. म्हणाला, "मामाजी, अडीचशे ग्रॅमच्या आतला आहे. याले लायसन लागत नाही म्हणतात. बांदीवर उडवू का?"

लायसन लागत नाही, हे खरं आहे. पण लायसन नको म्हणजे कुठंही उडवा, असं मात्र नाही. आणि आपल्या भागात ही चूक महागात पडू शकते. म्हणून नियम सोप्या भाषेत देत आहे.

वजनावर काय अवलंबून आहे?

देशात ड्रोन नियम २०२१ लागू आहेत. २५ ऑगस्ट २०२१ रोजी केंद्र सरकारने ते जाहीर केले. वजनाप्रमाणे प्रकार असे :

- नॅनो : २५० ग्रॅमपर्यंत
- मायक्रो : २५० ग्रॅमच्या वर, २ किलोपर्यंत
- स्मॉल : २ किलोच्या वर, २५ किलोपर्यंत
- त्यापुढे मीडियम आणि लार्ज

नॅनो ड्रोन उडवायला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. मायक्रो ड्रोन फक्त हौसेसाठी उडवत असाल, तरी लागत नाही. पण मायक्रो ड्रोनने पैसे घेऊन लग्नाचं शूटिंग केलं, तर तो धंदा झाला. मग प्रमाणपत्र पाहिजे. त्यासाठी वय १८ ते ६५, दहावी पास आणि डीजीसीएची मान्यता असलेल्या संस्थेतलं प्रशिक्षण, या अटी आहेत. प्रमाणपत्र १० वर्षं चालतं. पासपोर्टची अट २०२३ मध्ये काढली. आता सरकारी ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा चालतो.

नोंदणी म्हणजे ड्रोनचा सातबारा

नियमात सूट दिलेली नसेल, तर नोंदणीशिवाय ड्रोन उडवता येत नाही. नोंदणी ऑनलाइन होते, शुल्क १०० रुपये. त्यातून ड्रोनला एक वेगळा ओळख क्रमांक मिळतो. हा क्रमांक कंपनीने दिलेल्या सिरीयल नंबरला आणि रिमोटच्या नंबरलाही जोडलेला असतो. ड्रोन विकला तर क्रमांकही नवीन मालकाच्या नावावर करावा लागतो. जुना ड्रोन नुसता हातात देऊन मोकळे झालात आणि पुढच्यानं काही उद्योग केला, तर कागदावर नाव तुमचंच निघेल.

आणखी एक. बाहेर देशातून तयार ड्रोन आणायला फेब्रुवारी २०२२ पासून बंदी आहे. संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा एवढ्यासाठीच सूट आहे. त्यामुळे बिल नसलेला स्वस्त ड्रोन कोणी देत असेल, तर घेऊ नका.

हिरवा, पिवळा, लाल

आकाशाचे तीन भाग केलेत. नकाशा सरकारच्या डिजिटल स्काय या संकेतस्थळासाठी तयार केलेला आहे.

- हिरवा : ४०० फुटांपर्यंत वेगळी परवानगी नको.
- पिवळा : विमानतळाच्या आसपासचा भाग. हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी पाहिजे.
- लाल : केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उडवायचाच नाही.

हिरवा भाग कायम हिरवा राहील, याचा भरवसा नाही. राज्य सरकार किंवा पोलीस गरज पडल्यास एखादा भाग एका वेळी ९६ तासांपर्यंत तात्पुरता लाल करू शकतात. म्हणून मागच्या महिन्यात पाहिलेला नकाशा आज कामाचा नाही. दर वेळी नव्यानं पाहा. नियम मोडला तर १ लाख रुपयांपर्यंत दंड आहे. दुसऱ्या कायद्यातला गुन्हा लागला तर तो वेगळा.

आपल्या भागात जास्त जपा

अहेरी, एटापल्ली, भामरागड, सिरोंचा या तालुक्यांत जागोजागी पोलीस ठाणी आणि सुरक्षा दलांचे कॅम्प आहेत. जवानांच्या नजरेत अनोळखी ड्रोन म्हणजे खेळणं नाही. तो कोणाचा, कशासाठी आला, हे त्यांना वरून कळत नाही. शिवाय आपल्याकडे हेलिकॉप्टर कमी उंचीवरून येतात. त्यात कधी जखमी जवान असतो, कधी पुरात अडकलेला रुग्ण. माणसं असलेल्या विमानाला किंवा हेलिकॉप्टरला वाट देणं ड्रोनवाल्याला बंधनकारक आहे. आवाज आला की ताबडतोब खाली उतरवा.

जंगलाचंही तसंच. चपराळा, भामरागड अभयारण्य किंवा चंद्रपूरकडचं ताडोबा, इथे चित्रीकरणाला वन विभागाची परवानगी लागते. आलापल्लीचं वनवैभव वरून छान दिसत असेल, पण आधी वन कार्यालयात विचारा. हत्तींच्या कळपावर तर ड्रोन नेऊच नका. बिथरलेला हत्ती कोणाच्या शेतात, कोणाच्या घरात शिरेल, सांगता येत नाही.

'कोणाचा ड्रोन?' याचं उत्तर

२०२४ च्या जून-जुलैत मराठवाड्यात आणि पुणे जिल्ह्यात रात्री गावांवर ड्रोन फिरताना दिसले. चोर टेहळणी करतात, अशी भीती पसरली. लोक रात्र-रात्र जागले. विषय विधानसभेपर्यंत गेला. सगळ्यांचा प्रश्न एकच होता : ड्रोन कोणाचा?

याच प्रश्नावर काही देशांनी उपाय केला आहे. त्याला रिमोट आयडी म्हणतात. उडताना ड्रोन आपला क्रमांक, जागा, उंची आणि वेग रेडिओ लहरींनी सांगत राहतो. गाडीची नंबर प्लेट असते तसंच. अमेरिकेत मार्च २०२४ पासून याची सक्त अंमलबजावणी सुरू झाली. तिथे मालकाचं नाव सर्वांना दिसत नाही, पण क्रमांकावरून ते शोधण्याचा अधिकार यंत्रणेला आहे.

आपल्या नियमांतही अशा बीकनची तरतूद आहे. 'परवानगी नाही तर उड्डाण नाही' हे तंत्र आणि हद्द ओलांडू न देणारं कुंपण, हेही त्यात आहे. केंद्राने हे सक्तीचं करण्याची अधिसूचना काढली, की पालनासाठी किमान ६ महिने मिळतील. पण ओळख दाखवायला तोवर थांबायची गरज नाही.

उडवण्याआधी एवढं करा

1. ड्रोनवर नाव आणि मोबाईल नंबरची चिठ्ठी चिकटवा.
2. बिल आणि नोंदणीची प्रत मोबाईलमध्ये ठेवा.
3. नकाशा पाहा. जमावबंदीचा किंवा ड्रोनबंदीचा आदेश आहे का, ते विचारा.
4. जवळच्या पोलीस ठाण्यात दिवस, वेळ, जागा लेखी कळवा आणि पोच घ्या. हिरव्या भागात नियमानं हे लागत नसलं, तरी आपल्याकडे हे शहाणपणाचं आहे.
5. ड्रोन नजरेच्या टप्प्यातच ठेवा. कोणाच्या अंगणावर, आंघोळीच्या घाटावर नेऊ नका.
6. अपघात झाला तर ४८ तासांत कळवणं बंधनकारक आहे.

आणि रात्री अनोळखी ड्रोन दिसला, तर दगड मारू नका, व्हॉट्सअॅपवर अफवा टाकू नका. वेळ आणि दिशा लिहून ठेवा, ११२ वर कळवा.

भाच्याला मी ठाण्यात घेऊन गेलो. अर्ज दिला. कोणत्या बाजूला उडवायचा नाही, ते तिथेच समजलं. अर्धा तास गेला, पण पोट्टा आता लपूनछपून उडवत नाही.