वेगळा पेला

परवा माळा आवरताना ताईची एक जुनी फाइल हाती लागली. आतल्या पिवळ्या पडलेल्या कागदावर एकच ओळ होती: 'मान्टू, १४ मि.मी.'

ताई तेव्हा सहा वर्षांची. खोकला हटेना म्हणून काका तिला चिखलीहून एस.टी.ने बुलढाण्याला घेऊन गेले. हातावर कातडीत सुई टोचली. दोन दिवसांनी पुन्हा बुलढाणा, आणि मग पट्टीने फुगवटा मोजला. डॉक्टर म्हणाले, "जंतू अंगात शिरला असेल, किंवा बीसीजीच्या लसीमुळेही असेल." आजीने यातला पहिला अर्धाच ऐकला आणि त्या दिवसापासून ताईचा पेला वेगळा झाला...

हा "किंवा" आला कुठून?

रॉबर्ट कॉखने १८९० साली क्षयावरचं औषध म्हणून ट्यूबरक्युलिन जाहीर केलं. औषध म्हणून ते फसलं. पण ज्याच्या अंगात जंतू शिरून गेलाय, त्याची कातडी त्याने सुजते, हे लक्षात आलं. १९०७ मध्ये पिर्केने ओरखड्याची चाचणी काढली आणि १९०८ मध्ये मान्टूने सुईची. ही सूज नेमकी कोण आणतं, हे मात्र कळलेलं नव्हतं. १९४२ मध्ये लँडस्टायनर आणि चेस यांनी दाखवलं, की अशा प्रकारच्या सुजेचा गुण एका गिनीपिगमधून दुसऱ्यात जातो तो सीरममधून नव्हे, पेशींमधून. त्याच पुढे टी पेशी म्हणून ओळखल्या गेल्या.

आता गंमत पहा. टी पेशी अख्खा जंतू ओळखत नाही, त्याच्या प्रथिनाचा छोटासा तुकडा ओळखते. ट्यूबरक्युलिन म्हणजे अशा कित्येक प्रथिनांची मिसळ! फ्लोरेन्स सायबर्टने ते बरंच शुद्ध केलं, तरी मिसळ ती मिसळच. त्यातली बरीचशी प्रथिनं बीसीजीच्या जंतूतही असतात. मग सूज नक्की कोणामुळे, हे कातडी कसं सांगणार?

उत्तर सापडलं ते मिसळीतला एकेक जिन्नस वेगळा केल्यावर. डेन्मार्कमध्ये जंतू वाढवलेल्या द्रवातली प्रथिनं वेगवेगळी करून, क्षयाची लागण होऊन गेलेल्या उंदरांच्या टी पेशींपुढे ठेवली. ज्या भागाला पेशींनी इंटरफेरॉन गॅमा सोडून जोरात उत्तर दिलं, त्यातून १९९५ मध्ये 'ईसॅट-६' हे प्रथिन पुढे आलं. त्याचं जनुक बीसीजीच्या जंतूत नाहीच, हे १९९६ मध्ये स्पष्ट झालं. प्रयोगशाळेत वाढवता वाढवता तो तुकडा केव्हाच गळून गेला होता.

ईसॅट-६ आणि त्याचं जोडीदार प्रथिन सीएफपी-१० वापरून केलेल्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या 'साय-टीबी' या चाचणीला २०२२ मध्ये भारतात मान्यता मिळाली. सुई तशीच, पट्टी तशीच, दोन दिवसांनी पुन्हा जाणंही तसंच. फक्त बीसीजीचा तो "किंवा" गेला.

ताईला पुढे काहीच झालं नाही. आज दोन मुलांची आई आहे. फाइल दाखवली तर हसली, म्हणाली, "तो पेला पितळी होता रे, कडेला पोचा आलेला."

चौदा मिलिमीटर ती केव्हाच विसरली होती. पेला नाही विसरली.