जुन्या इंजिनातला कॅमशाफ्ट स्टॉक की रेसचा? असा ओळखा, स्टेप बाय स्टेप

पाचगणी-महाबळेश्वर भागात आजही अनेक घरांच्या शेडमध्ये एखादी जुनी जीप किंवा फियाट ताडपत्रीखाली उभी असते. इंजिन उघडलं की कधीकधी एक कोडं समोर येतं: आतला कॅमशाफ्ट कंपनीचा नाही, कुणीतरी बदललेला दिसतो. मग तो 'परफॉर्मन्स' आहे, नुसता झिजलाय, की दुसऱ्याच गाडीचा आहे? अंदाजाने बसवला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून इंजिन जाऊ शकतं. म्हणून आधी तो ओळखायचा कसा, ते पाहूया.

कॅमशाफ्ट काय करतो?

कॅमशाफ्ट म्हणजे अंड्याच्या आकाराचे उंचवटे असलेला दांडा. या उंचवट्यांना लोब म्हणतात. लोब व्हॉल्व्ह उघडतो आणि स्प्रिंग तो बंद करते. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक होतो. हे लक्षात ठेवा, पुढच्या हिशोबात लागेल. (जुन्या जावा-येझदीवाल्यांनी शोधू नका. ती टू-स्ट्रोक इंजिनं, त्यात कॅमशाफ्टच नसतो!)

असे कॅम आले कुठून?

१९९१ पूर्वी परदेशी पार्ट मागवणं फार अवघड होतं. तरी चेन्नईजवळच्या शोलावरमच्या धावपट्टीवर शर्यती रंगायच्या आणि त्यात फियाट ११०० सुद्धा उतरायच्या. त्या काळी सोपा मार्ग एकच: कंपनीचाच कॅम ग्राइंडिंग मशीनवर घासून लोबचा आकार बदलायचा. अशा घासलेल्या कॅमवर नाव-नंबर असेलच असं नाही. म्हणून मोजमाप हाच खरा पुरावा.

स्टेप १: फोन हातात घ्या

कॅम रॉकेलने स्वच्छ करा. खोली अंधारी करून टॉर्च एका बाजूने, अगदी तिरपा धरा. पुसट झालेले आकडे सावलीमुळे उठून दिसतात. दोन्ही टोकं आणि लोबमधली जागा यांचे मॅक्रो फोटो काढा. आकडे तरीही वाचता येत नसतील तर पातळ कागद ठेवून वरून पेन्सिल घासा.

लोबमधल्या भागात साच्याची रेघ दिसली तर कॅम ओतीव आहे. लेथच्या टूलच्या गोल खुणा दिसल्या तर तो बहुधा अख्ख्या स्टीलच्या दांड्यातून कापलेला आहे. कास्टिंग नंबर गूगल लेन्सवर टाकून पाहा, पण त्यावर पूर्ण विसंबू नका. तो फक्त मूळ ओतकाम कुठलं ते सांगतो, नंतर कुणी घासलं असेल तर ते सांगत नाही.

स्टेप २: इंजिन कुठलं ते ठरवा

- लोब मोजा. फियाट ११०० किंवा प्रीमियर पद्मिनीच्या १०८९ सीसी इंजिनात ४ सिलिंडर, म्हणून ८ लोब. मारुती ८०० च्या जुन्या ३ सिलिंडर इंजिनात ६.
- जर्नल, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणारे गोल भाग, किती आहेत आणि त्यांचा व्यास किती ते लिहा.
- डिस्ट्रिब्युटर फिरवणारा गिअर आणि पेट्रोल पंपाचा जादा लोब कुठे आहे ते पाहा.

जर्नलचा व्यास तुमच्या ब्लॉकशी जुळत नसेल तर कॅम दुसऱ्या इंजिनाचा आहे. पुढचे कष्ट वाचले.

स्टेप ३: लिफ्ट मोजा

व्हर्नियरने लोबची टोकापर्यंतची उंची घ्या. मग कॅम ९० अंश फिरवून गोल भागाचा व्यास घ्या. दोन्हींतला फरक म्हणजे लिफ्ट.

उदाहरण: उंची ३३.५० मिमी, व्यास २७.०० मिमी. लिफ्ट ६.५० मिमी. रॉकरचं गुणोत्तर १.५ असेल तर व्हॉल्व्ह ९.७५ मिमी उघडेल. यातून टॅपेटची गॅप वजा करा.

जुन्या हरिकेन इंजिनाच्या जीपमध्ये एक गंमत आहे. इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट खाली ब्लॉकमध्ये. त्यामुळे रॉकरचा गुणाकार फक्त इनटेकला करायचा.

सगळे लोब मोजा. एकाच प्रकारच्या लोबमध्ये ०.१ मिमीपेक्षा जास्त फरक आला तर झीज समजा. सगळे सारखे, पण गोल भागाचा व्यास स्टॉकपेक्षा कमी असेल, तर कॅम घासून बदललेला असण्याची दाट शक्यता आहे.

स्टेप ४: ड्युरेशन काढा

इथे टर्नरची मदत घ्या. कॅम दोन व्ही-ब्लॉकवर ठेवायचा, टोकाला ३६० अंशांची चकती लावायची आणि लोबवर डायल गेज टेकवायचा. टॅपेट सपाट असतील तर गेजचं टोकही सपाट हवं. टोकदार असेल तर आकडा चुकतो.

गेज १.२७ मिमी चढला तो अंश लिहा, उतरताना परत १.२७ वर आला तो लिहा. समजा ५८ आणि १७३ आले. फरक ११५, कॅम अर्ध्या वेगाने फिरतो म्हणून दुप्पट: ड्युरेशन २३० अंश.

दोन्हींचा मध्य ११५.५ हा इनटेकचा मध्य. त्याच सिलिंडरच्या एक्झॉस्टचा मध्य ७.५ आला, तर दोन लोबमधला कोन १०८ अंश. याला मात्र दुप्पट करायचं नाही.

आकडे काय सांगतात?

जुन्या पेट्रोल गाड्यांसाठी ढोबळ अंदाज असा:

- २१० पर्यंत: स्टॉक किंवा त्याच्या जवळचा
- २१० ते २३५: रस्त्यावर चालेल असा गरम कॅम
- २४० च्या पुढे: रेस किंवा रॅलीचा

घाटात चालेल का?

खरा प्रश्न हाच. रेसचा कॅम ताकद देतो ती वरच्या आरपीएमला. खाली इंजिन मरगळतं, आयडलिंगला थरथरतं. त्यात पाचगणी सुमारे १३०० मीटर उंचीवर, म्हणजे समुद्रसपाटीपेक्षा हवा साधारण १२ टक्के विरळ. चार माणसं बसवून पसरणी घाट चढताना असा कॅम सारखा खालचा गिअर मागेल. रोजच्या वापराला स्टॉकच बरा.

बसवण्याआधी हे कराच

- पिस्टनवर खेळण्यातल्या मातीचा थर ठेवा, हेड बसवून इंजिन हाताने दोन फेरे फिरवा, मग मातीची जाडी मोजा. इनटेकला किमान २ मिमी आणि एक्झॉस्टला २.५ मिमी जागा हवी.
- दुसऱ्या कॅमवर झिजलेले टॅपेट वापरू नका. नवा जोड घ्या.
- सपाट टॅपेटला झिंक असलेलं ऑइल लागतं. आजच्या बऱ्याच ऑइलमध्ये ते कमी असतं, डबा वाचून घ्या.

मदत लांब नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात मशीन शॉपची रांगच आहे, आणि सोलापूरची प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी तर १९९२ पासून याच धंद्यात आहे. शॉपमध्ये जाताना फोटो आणि सगळे आकडे फोनमधल्या एका शीटमध्ये घेऊन जा. नुसतं 'रेसचा कॅम आहे वाटतं' म्हणण्यापेक्षा '६.५० लिफ्ट, २३० ड्युरेशन, १०८ कोन' सांगितलंत, तर समोरचा मिस्त्रीही खुर्ची पुढे सरकवून बोलेल.